लगोरी कोणत्या हाताला

डोंगराच्या पायथ्याशी जी तिकीटखिडकी आहे, तिच्यात बसणाऱ्या बाईला सगळे लगोरीबाई म्हणतात. तिला ते आवडतं का, हे कुणी विचारलेलं नाही आणि तिनेही कधी सांगितलेलं नाही. खिडकीत बसायच्या आधी बावीस वर्षं तिने या रखरखीत, काटेरी डोंगरावरच्या पाऊलवाटा राखल्या. वाट राखायची म्हणजे उजव्या हातात कोयता घेऊन वाटेवर आलेली झुडपं छाटायची, घरंगळून आलेले दगड बाजूला लोटायचे आणि जिथे नुसता कातळ आहे, पाऊल उमटतच नाही, तिथे पाच-सहा चपटे दगड एकावर एक रचून खूण करायची. मुलं खेळायला रचतात तशी लगोरी. इथे पाऊस वर्षातून दोनदा, फार तर तीनदा येतो. पण येतो तो वाट धुऊन नेतो. मग पुन्हा सगळं पहिल्यापासून.

तिची लगोरी कधी पडत नसे. मुकादम, ज्याने तिला हे काम शिकवलं, तो चार-चारदा लाथ मारून बघायचा आणि काही न बोलता पुढे जायचा. त्याचं कौतुक तेवढंच.

काळजी करायला मात्र तिला कुणी शिकवलं नव्हतं. ते उपजत होतं. लेक शाळेतून पाच मिनिटं उशिरा आली, तर ही रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन यायची. लेकीला शिंक आली की हिच्या कपाळाला आठी. गुडघा कामातून गेला आणि ऑफिसने तिला खिडकीत बसवलं, तेव्हा तर काळजीला बैठकच मिळाली. पाण्याची बाटली न घेता आलेल्या माणसाला ती तिकीट देत नसे. "बाई, तुम्ही तिकीट विकता की ताप मोजता?" असं एकदा एकाने विचारलं होतं. "बाटली दाखवा," ती म्हणाली.

लेक आता चोवीस वर्षांची. मोजणीच्या ऑफिसात लागून तिला आठ महिने झाले होते. आणि नऊ वर्षांपूर्वी दरड कोसळल्यावर जी वाट बंद केली होती, ती पुन्हा सुरू करता येईल का हे पाहायचं काम नेमकं तिच्याकडे आलं. दांड्याला लावलेलं मोजणीचं चाक ढकलत वाट चालायची, किती लांब, कुठे खचली, कुठे झाडी माजली ते टिपायचं. एकटीने. दुसरा माणूस रजेवर होता.

आदल्या संध्याकाळी आई बाटल्या भरत होती.

"चार?" लेक म्हणाली. "अगं, मी डोंगर मोजायला चाललेय, शिंपायला नाही."

"नऊ वर्षांत तिथे कुणी फिरकलेलं नाही. जाळी माजली असेल. वाट दिसायची नाही."

"तुझ्या लगोऱ्या आहेत ना."

"आहेत. आणि लक्षात ठेव, लगोरी कायम डाव्या हाताला."

"हो."

"काय सांगितलं मी?"

"लगोरी डाव्या हाताला. आई, हे मला पाढ्यांच्या आधीपासून पाठ आहे." तिने दोन बाटल्या पिशवीत टाकल्या. आईने तिची पाठ वळल्यावर तिसरी घातली.

पहाटे जीप आली आणि लेक गेली. आईने सात वाजता खिडकी उघडली. साडेआठला तीच जीप रिकामी परत आली, आणि ड्रायव्हर उतरून खिडकीशी थर्मासच्या झाकणात चहा ओतू लागला.

"कुठे सोडलंत तिला? इथून तर कुणी वर गेलेलं मी पाहिलं नाही."

"इथून कशाला? वर माथ्यावरच्या मनोऱ्यापाशी सोडलं. साहेबच म्हणाले, चाक ढकलत चढवण्यापेक्षा उतरवत आणलेलं बरं. दोनपर्यंत इथे उतरते म्हणाली." त्याने फुंकर मारली. "पोरगी गुणाची हो तुमची. सगळ्या रस्त्याने बडबड. आई असं म्हणते, आई तसं म्हणते."

बाईच्या हातात फाडलेलं तिकीट होतं. समोरचा माणूस ते घ्यायला हात पुढे करून उभा होता. तिने दिलं नाही.

मुकादमाच्या टोळीने ती वाट नेहमी खालून वर केली. एकदाही वरून खाली नाही. उजव्या हातात कोयता, तो हात मोकळा हवा, म्हणून लगोऱ्या सगळ्या डाव्या कडेला. वर पोचलं की मनोऱ्यापाशी ऑफिसची गाडी उभी असायची, तिच्यात बसून पलीकडच्या रस्त्याने घरी. बावीस वर्षांत ती वाट कुणी उतरलंच नव्हतं. त्यामुळे 'डाव्या हाताला' याच्या आधी 'चढताना' हा शब्द लावायची गरज कधी पडली नव्हती. काल संध्याकाळी तरी तो तिच्या तोंडात कुठून येणार?

बहुतेक ठिकाणी याने काही बिघडलं नसतं. लगोरीच्या अलीकडून गेलं काय, पलीकडून गेलं काय. पण डोंगराच्या मधल्या खांद्यावर वाट एका कोरड्या घळीच्या काठाने जाते. लगोऱ्या अगदी काठावर रचलेल्या. चढताना त्या डाव्या हाताला ठेवल्या की माणूस घळीपासून दूर, खांद्यावर राहतो. उतरताना डाव्या हाताला ठेवल्या की तो लगोरी आणि घळ यांच्या मध्ये येतो, आणि तिथून सरळ घळीत. खांद्यावर नऊ वर्षांची जाळी माजलेली असणार. घळ मात्र पाण्याने घासून स्वच्छ, अंगणासारखी. कुणालाही तीच वाट वाटेल. ती घळ खाली तीन पुरुष उंचीच्या कोरड्या धबधब्यावर जाऊन तुटते.

तिने फोन लावला. लागणार नाही हे ठाऊक असूनही तीनदा लावला. डोंगराच्या त्या अंगाला कधीच लागत नाही.

"जीप वळवा," ती ड्रायव्हरला म्हणाली. "मनोऱ्यापाशी जाऊन भोंगा वाजवत राहा. तिथून एक पाऊल खाली उतरायचं नाही. ऐकलंत? ती वर आली तर तिथेच बसवून ठेवा."

"काय झालं काय पण?"

"मी तिला चुकीचं सांगितलंय."

रांगेत पाच माणसं होती. तिने खिडकी लावली, कुलूप घातलं, आतल्या खिळ्यावर टांगलेला जुना कोयता घेतला, आणि बंद वाटेचा जो लाल दोर तिनेच बांधला होता त्याच्याखालून वाकून गेली. "बाई, बाटली?" असं मागून कुणीतरी म्हणालं. ती खरंच विसरली होती. परतली नाही.

पहिला अर्धा तास नदीच्या कोरड्या पात्रातून. तिथे वाट होती तशीच होती. पुढे चढ लागला आणि वाट संपली. संपली म्हणजे होती, पण तिच्यावर कमरेइतकी काटेरी जाळी, मध्ये घायपाताची पाती भाल्यांसारखी. कोयत्याने ती पुढचं छाटायची आणि मागून फांदी पाठीत बसायची. गुडघा पहिल्याच वळणावर बोलू लागला. लगोऱ्या मात्र उभ्या होत्या. एक, मग दुसरी, जिथल्या तिथे. पूर्वी आपली लगोरी शाबूत दिसली की तिला बरं वाटायचं. आज प्रत्येक लगोरी दिसली की वाटत होतं, ही तरी पडलेली असती.

मन चिंती ते वैरी न चिंती. आता लेक मनोऱ्याहून निघून दीड तास झाला असेल. आता घळीच्या तोंडाशी आली असेल. चाक हातात, म्हणजे हात गुंतलेला. बूट नवे, तळ गुळगुळीत असेल का? कधी नव्हे ते लेकीने आपलं ऐकू नये, असं तिला मनापासून वाटलं. लहानपणापासून सांगितलेल्याच्या उलट करणारी पोर. स्वेटर घाल म्हटलं की काढायची. आजही तसंच कर बाई, आज एवढं कर.

दरड कोसळली होती ती जागा तिने बसून, हातांवर भार देऊन पार केली. सुटे दगड पायाखालून सरकून खाली जायचे आणि त्यांचा आवाज फार वेळ येत राहायचा. पलीकडे गेल्यावर तिने हाक मारली. डोंगराने तीच हाक परत दिली. दुसरी हाक मारायला तोंडाला ओल नव्हती.

खांद्यावर पोचली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. इथून घळ जाळीपलीकडे वीस पावलांवर. तिने पुन्हा हाक मारली, आणि या वेळी उत्तर आलं ते वरून नाही, समोरून.

"आई?"

"कुठे आहेस?"

"घळीत. एक टप्पा घसरत उतरले, तो आता चढता येत नाहीये. आणि खाली तर काहीच नाही." आणि मग, "मी बसलेय. ठीक आहे. हाताला खरचटलंय फक्त."

आई एका दगडावर चढून, टाचा उंचावून जाळीवरून पाहू लागली. धबधब्याच्या तोंडाशी, खाटेएवढ्या कातळावर लेक पाठ भिंतीला लावून बसली होती. चाक शेजारी आडवं. तिच्या पायांपासून दोन हातांवर कडा संपत होता.

"आई, लगोरी डाव्या हाताला ठेवली होती मी," लेक म्हणाली. रागाने नाही, हिशेब न लागलेल्या मुलासारखी. "जन्मात एकदा तुझं ऐकलं."



त्या कातळापासून खांद्यापर्यंत कातळाची एक पट्टी होती, हातभर रुंद. टोळीतली माणसं पावसानंतर घळीतल्या कुंडातून पाणी आणायला तिच्यावरून जायची. तीही गेली होती, कितीदा तरी, पंचवीस-तीस वर्षांची असताना. ती पट्टी आता जाळीत बुडाली होती, आणि दरडीनंतर शाबूत होती की नाही, देव जाणे.

"इथून वाट आहे ना एक? तू सांगायचीस," लेक म्हणाली. "सांग, कुठे सरकू? डावीकडे की उजवीकडे?"

लेक भिंतीला पाठ लावून होती, उठताना वळेल की नाही वळेल, कोणता हात कुठे येईल. दोन्ही शब्द आईच्या जिभेवर होते आणि त्यातला एकही उच्चारायची तिची छाती होईना.

"कुठेच नाही," ती म्हणाली. "बसल्या जागची हलू नकोस. मी येते."

"तू? त्या गुडघ्याने?"

"तू बोलत राहा फक्त."

"काय बोलू?"

"काहीही. शिव्या घाल."

लेक खरंच बोलत राहिली. तिसरी बाटली पिशवीत कुणी घातली ते कळलं होतं, ती आता अर्धी उरलीय. पहिली गडगडत गेली, पडल्याचा आवाज यायला किती वेळ लागला ते तिने मोजलं नाही. आई जाळीखालून पोटावर सरकत होती. कोयत्याने एक-एक फांदी खालून कापायची, मागे सारायची, मग हाताने पुढचा दगड दाबून पाहायचा. पट्टी होती. दहा पावलं होती. मग एका जागी ती हातभर तुटलेली निघाली. त्या फटीतून खालचा उजेड दिसत होता. पलीकडे, फटीच्या त्या अंगाला, लेकीचे बूट.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. आईच्या केसांत काटक्या, बाही फाटून लोंबत होती.

"हं," लेक म्हणाली. "आता?"

आईने डावा हात भिंतीतल्या एका मुळाभोवती घातला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. मग कोयता मागे टाकला आणि उजवा हात फटीवरून पुढे केला. "भिंतीकडे तोंड कर. माझं मनगट धर, बोटं नाही, मनगट. आता माझ्याकडचा पाय टाक."

"माझ्याने नाही होणार."

"होणार नाही तर मीही इथेच बसते. खिडकीला कुलूप आहे, मला घाई नाही."

लेक हसली नाही, पण तिने मनगट धरलं. घामाने ते निसटत होतं. तिने सोडलं, तळवा पँटीला पुसला, पुन्हा धरलं. पाय टाकला. एका क्षणाला तिचा सगळा भार आईच्या खांद्यात आला आणि मूळ करकरलं. मग दुसरा बूट या बाजूच्या दगडावर पडला.

जाळीतून मागे सरकायला त्यांना बराच वेळ लागला. खांद्यावर आल्यावर आई जमिनीवर बसली. लेक तिच्या पाठीतले काटे काढत बसली.

"चाक राहिलं," लेक म्हणाली.

"राहू दे."

"ऑफिसचं आहे."

आईने मान वळवून नुसतं पाहिलं. चाकाचा विषय तिथे संपला.

वरून, फार लांबून, जीपचा भोंगा ऐकू येत होता. ड्रायव्हर इमानाने वाजवत होता.

"तो खाली नाही ना उतरणार आपल्याला शोधायला?" लेकीने विचारलं.

आई उठली. गुडघा आता सुजून घट्ट झाला होता. "बजावलंय त्याला. पण मी काल तुलाही बजावलं होतं." तिने कापलेल्या फांद्या काखेत घेतल्या. "चल, घळीच्या तोंडाशी जायचंय. ते बुजवल्याशिवाय मी इथून उतरणार नाही."

"रिपोर्टमध्ये काय लिहू, आई? तुझं नाव?"

"लिही ना. त्याशिवाय त्यांना कळेल कसं की या लगोऱ्या फक्त चढणाऱ्यासाठी आहेत?" ती जाळी बाजूला करत दोन पावलं गेली आणि थांबली. "तू माझ्या मागे राहा. आणि माझं ऐकू नकोस, माझा पाय कुठे पडतो ते बघ."