चौथ्या पातळीचं इंग्रजी

पुण्यात इंग्रजी शिकवणाऱ्याला फारसं काम नसतं, कारण इथे प्रत्येकाला ते आधीच येत असतं. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर मी येरवड्याच्या घरी शिकवण्या सुरू केल्या, तेव्हा शेजारच्या काकांनी विचारलं, "अजून कोणी शिकायचं उरलंय का?" एक जण उरला होता. इथिओपियाहून विमान चालवायला शिकायला आलेला, बावीस वर्षांचा, चपला काढून त्या सरळ रेषेत लावून ठेवणारा.

वैमानिकांच्या इंग्रजीच्या सहा पातळ्या असतात, त्यातली चौथी गाठली की भागतं. उच्चार, व्याकरण, शब्दसंग्रह अशा सहा गोष्टी तपासतात आणि ज्यात सगळ्यांत कमी पडाल, तोच तुमचा निकाल. हा न्याय आमच्या कॉलेजला लावला असता तर पदवीदान समारंभ चहाच्या आधीच उरकला असता. माझ्या विद्यार्थ्याला पाच गोष्टींत चार मिळाले होते आणि संवादात तीन. महिन्याभराने पुन्हा परीक्षा होती. त्यातही चौथी पातळी हुकली तर त्याला एकट्याने विमान उडवू देणार नव्हते, आणि घरचे परत बोलावून घेणार होते.

मला कळेना, तीन का? बोलायचा तर छान. मग मी स्वतःच कंट्रोल टॉवर झाले. स्वयंपाकघरात नळ सोडून, पाठमोरी, भराभर सूचना देत सुटले. अमुक दिशेला वळा, तमुक उंचीवर या. तो म्हणाला, "येस मॅडम." मी त्याच सुरात म्हटलं, "आता विमान खडकवासल्याच्या धरणात उतरवा."

"येस मॅडम."

नळ बंद करून मी विचारलं, "कळलं नव्हतं, तर हो कशाला म्हणालास?"

"तुम्ही मोठ्या आहात," तो म्हणाला. "पुन्हा विचारलं, तर तुम्ही नीट बोलला नाहीत असा अर्थ होतो. आमच्या घरी असं करत नाहीत."

मी त्याच्यावर इतकी चिडले की माझं मलाच नवल वाटलं. म्हटलं, बाबा रे, टॉवरने सांगितलेलं त्याला परत म्हणून दाखवायचं, आणि नाही कळलं तर 'पुन्हा सांगा' म्हणायचं. एवढाच नियम आहे. मात्र पुण्यात तो पाळायला छाती लागते. इथे दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे आपल्या हाताने आपला अपमान मागवून घेणं.

तेव्हाच मला सराव कुठे करून घ्यायचा ते सुचलं. शहरातल्या एका बसस्थानकावर (कुठल्या ते सांगत नाही, सगळीकडे सारखंच) चौकशीच्या खिडकीत बसणाऱ्या गृहस्थांचा हुद्दाच मुळी वाहतूक नियंत्रक. मराठीची तीन-चार वाक्यं घोटवून घेतली आणि त्याला रांगेत उभं केलं. मी मागे बाकावर.

"साताऱ्याची गाडी कुठे लागते?"

"सहा नंबर." मान खालीच.

"पुन्हा सांगा."

"एकदा सांगितलंय ना. बोर्ड वाचता येत नाही?"

"नाही," तो खरं तेच बोलला. रांग हसली. तो खिडकी सोडून थेट माझ्याकडे आला आणि म्हणाला, "मॅडम, विमान सोपं आहे."

दुसऱ्या दिवशी मी त्याला पुन्हा नेलं. तिसऱ्या दिवशीही. मला दया येत होती, पण ती मी दाखवली नाही. चौथ्या दिवशी तो दोनदा 'पुन्हा सांगा' म्हणून खिडकीशीच उभा राहिला. मागच्यांनी आवाज चढवला, तरी हलला नाही. शेवटी म्हणाला, "म्हणजे सातारा, सहा नंबर. बरोबर?" नियंत्रकांनी पहिल्यांदाच मान वर केली. "बरोबर," ते म्हणाले, आणि वर, "बसा, वेळ आहे गाडीला."

परीक्षा झाली त्या संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. चौथी पातळी. परीक्षकाने मुद्दाम खरखरीत आवाजात सूचना वाचली होती. याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा परीक्षक वैतागला, तरी विचारलं.

"भीती नाही वाटली?"

"वाटली. पण हसायला तिथे रांग नव्हती."

मला इतका आनंद झाला की जे घरातही कोणाला सांगितलं नव्हतं, ते त्याला सांगून बसले. माझी नोकरीची पहिली मुलाखत. आमच्या घरातून कॉलेजात शिकलेली मी पहिली. समोर तीन मोठी माणसं. मधल्यांनी भरभर इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला कळलं नाही. पुन्हा विचारलं तर म्हणतील, हिला इंग्रजी येत नाही. मी म्हटलं, "येस सर." तिघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि माझी फाईल मिटली. मग नोकरी मिळायला चार वर्षं गेली.

त्याने हातातला पेढा खाली ठेवला.

"काय विचारलं होतं त्यांनी?"

"कोण जाणे," मी म्हटलं. "मी विचारलंच नाही."