पुसलेली नखे

हे मी आजवर कोणाला सांगितलेले नाही — पत्नीला नाही, मुलांनाही नाही. तुम्हाला सांगतो आहे, कारण शंकररावांविषयी गावात जे बोलले जाते ते धादांत खोटे आहे, आणि खोटे मला खपत नाही. हसू नका.

शंकररावांनी आणि मी ओतूरच्या एका शाळेत सव्वीस वर्षे बरोबर शिकवले. मी गणित, ते विज्ञान. नव्वदचे दशक सरता सरता दोघेही निवृत्त झालो. माझे घर पिंपळवंडीत होतेच. त्यांचे आंबेगावकडचे गाव मात्र धरणाच्या पाण्याखाली गेलेले. उरलेले आयुष्य कोठे काढायचे? मुलगा पुण्याला बोलावत होता. त्यांना दारापुढे माती हवी होती. त्यांनी माझ्या घराजवळ, उसाच्या कडेला, प्लॉट घेतला. "आता रोज संध्याकाळी भांडू, सर," म्हणाले.

ते घर झाले नाही. पिंपळवंडीत सांगतात, मुलाने ओढून नेले. आळ्याचे त्यांचे व्याही सांगतात, वहिनींना फ्लॅटची हौस. दोन्ही चूक. मी तेथे होतो.

मी तापट आहे, हे मान्य. पण मत्सरी? तसे मला कोणी म्हटले नाही — कोणाला दिसलेच नाही. एकदा आम्ही आळेफाट्याला एस.टी.तून उतरलो, तर एक जुना विद्यार्थी धावत आला आणि भर स्टँडवर त्याने शंकररावांच्या पायांवर डोके ठेवले. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "तुमीबी व्हतात व्हय सर? न्हाई वळखलं, राव." याला मी तीन वर्षे बीजगणित शिकवले होते! आता हेच माझ्या गावात, माझ्या दारासमोर, मरेपर्यंत पाहायचे?

त्या दिवसांत आमच्या उसात बिबटे वाढले होते. ठसा कसा ओळखायचा, हे शंकररावांनीच वर्गावर्गांत शिकवले होते — कुत्र्याच्या ठशात नखे उमटतात, बिबट्या नखे आत घेऊन चालतो.

पाया आखायचा त्या सकाळी मी प्लॉटवर सर्वांच्या आधी पोचलो. उसाला सोडलेले पाणी फुटून चिखल झाला होता, आणि त्यात ठसे होते. मोठे — पण नखे स्पष्ट. कुत्रा. कोणाचा, तेही मला ठाऊक होते. शंकरराव रस्त्यावर गवंड्याशी बोलत थांबले होते. वहिनी पुढे येत होत्या. मी वाकलो. आणि — लिहून टाकतो — एका ठशाची चारही नखे अंगठ्याने पुसली. बाकीचे ठसे चपलेने मोडले.

"वहिनी, इकडे येऊ नका," मी म्हणालो. म्हणजे त्या येणारच.

"अगं बया! लई मोठं हाय की ह्ये. भाऊजी, नातवंडं आली की अंगणात सोडायची कशी?"

गप्प राहणे किती सोयीचे असते, नाही?

त्या तशाच माघारी धावल्या. मी त्यांच्यामागे रस्त्याकडे आलो, तेव्हा शंकरराव माझ्यापाशी आले. त्यांनी एवढेच विचारले, "सर, नखं व्हती?"

"नव्हती."

ठसा दहा पावलांवर होता. ते पाहायला गेले नाहीत. मी सांगितल्यावर पाहायचे काय, असे त्यांना वाटले असावे. गवंड्याला त्यांनी हात जोडले आणि परत पाठवले.

पुण्यात ते तिसऱ्या मजल्यावर सात वर्षे जगले. मुलाने नेले नाही, वहिनींनी नेले नाही. मी घालवले.

ते गेल्यावर ओतूरला शोकसभा झाली. सभागृह भरून माणसे बाहेर उन्हात उभी होती. मी मागच्या खुर्चीवर बसून ती मोजत होतो. तेव्हाही मला दुःख झाले नाही. हेवा वाटला.