मनोहरच्या गाडीची दुसरी पाटी

मनोहर गेला, हे मी ब्राह्मणपाऱ्यात सात घरी सांगितलं आणि सातही घरांनी मला दारातून परत पाठवलं. ‘आता हे काय नवीन काढलं, भैया?’ चूक त्यांची नाही. चाळीस वर्षं मी मुंगीचा हत्ती करून विकला आहे. मनोहर असता तर एका वाक्यात पटवून दिलं असतं... त्याच्या शब्दावर अख्खा पारा, सगळा मोहल्ला, डोळे मिटून चालायचा.

सरकारी कचेरीत नकाशे काढणारा माणूस. छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर नुकतंच राजधानी झालं होतं तेव्हा वडिलांची काळी मोटारसायकल इराणमार्गे तुर्कस्तानात न्यायचं त्याने ठरवलं. मागे बसायला मी. त्यासाठी कार्ने नावाची एक पुस्तिका लागते. गाडी थोड्या दिवसांपुरती तुमच्या देशात आणतो, विकणार नाही, हीच बाहेर काढीन, असं ते वचन. आत शिरताना एक शिक्का, निघताना एक. अर्जात गाडीचं वजन विचारलं होतं.

‘अंदाजे लिही ना बे,’ मी म्हटलं.

‘अंदाजे काहून? काटा आहे ना.’

आणि हा बाबा ट्रकांच्या धर्मकाट्यावर गाडी ढकलत घेऊन गेला! चेसिसच्या आकड्यांवर कागद ठेवून पेन्सिल घासली, उमटलेला छाप घडी करून खिशात ठेवला. इतकं नेमकं जगणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कागद अजून मध्य प्रदेशचे होते, नवा नंबर यायचा होता. मला कुठला धीर! गोल बाजारातून छत्तीसगडच्या नंबराची पाटी गुपचूप रंगवून घेतली. परदेशात आपल्या राज्याची पहिली गाडी आपली दिसावी, एवढीच हौस. इराणातल्या शेवटच्या मुक्कामी, मनोहर आंघोळीला गेला तेव्हा मी पाटी बदलली. जुनी दरीत भिरकावली, इतक्या जोरात की अजून पडतच असेल. पुढचा दिवसभर त्याने गाडी चालवली, मागची पाटी त्याला दिसणार कशी?

सीमेवरच्या साहेबाला दिसली. ‘आत आली ती गाडी वेगळी. ती कुठे विकली?’ गाडी जप्त करायला माणसं उठली. मी लगेच सुरू झालो, की आमच्याकडे नवं राज्य झालं की सगळ्या पाट्या आपोआप बदलतात... साहेबाचे डोळे आणखी लाल.

मनोहरने एकदाच माझ्याकडे पाहिलं. मग आत शिरताना शिक्का मारून घेतलेला खिशातला छाप काढला, साहेबाला कोरा कागद आणि पेन्सिल दिली, गाडीजवळ नेलं. साहेबाने स्वतः गुडघे टेकून घासलं. दोन्ही कागद एकावर एक ठेवून उन्हाकडे धरले. आकड्यावर आकडा बसला, मोडक्या शेपटीचा सातसुद्धा.

‘मग पाटी कोणी बदलली?’

‘मी,’ मनोहर म्हणाला.

वजनातला एक किलो इकडचा तिकडे न करणारा माणूस! त्याला संध्याकाळपर्यंत आत बसवलं, जबाब लिहून घेतला, दम भरला. मी बाहेर चहा पीत होतो. गाडी सुटली. वडिलांची गाडी वाचली आणि मीही. रायपुरात येऊन मी तो किस्सा वीस वर्षं रंगवला, मनोहरची चूक म्हणून. तो समोर बसून हसायचा.

तेराव्याला वहिनींसमोर मला राहवलं नाही. ‘वहिनी, ती पाटी मी लावली होती.’

‘हव, माहीत आहे मले,’ त्या म्हणाल्या. ‘निघायच्या आधी माझ्याच दिवाणाखाली लपवली होती ना तुम्ही? झाडताना दिसली. पण ह्यांना कितीदा विचारलं, तर म्हणे मीच लावली. शेवटी दवाखान्यातही विचारलं, भाऊजी.’

‘मग?’

‘म्हणाले, मीच.’

चहा आला. खिडकीजवळची त्याची खुर्ची रिकामी होती. आम्ही दोघंही खाली सतरंजीवर बसलो.