तेल, गॅस आणि थोरल्या दिरांचा म्हसोबा

तेलासाठी कुणी लढाई करत नाही, असं आमच्या थोरल्या दिरांचं ठाम मत होतं. रोज संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर येऊन बसायचे, मोबाईलवर बातम्या लावायचे आणि आमच्या ह्यांना युद्ध समजावून सांगायचे. एका मोठ्या देशाने शेजारच्या लहान देशात रणगाडे घातले होते. "तिथं त्यांची मानसं हायेत, त्यांचे देव हायेत, पिढ्यान्पिढ्याचा हक्क हाय," दीर सांगायचे. "तेलाचं लोक आपलं उगं उठवत्यात."

मी आत भाकरी थापत असायचे. आमच्याकडे थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नाही. डोक्यावर पदर घ्यायचा, उंबऱ्याच्या आत राहायचं आणि काही सांगायचंच असलं तर नवऱ्याला सांगितल्यासारखं करायचं. मग मी आतून म्हणायचे, "अहो, विचारा त्यांना, त्या जमिनीखाली तेल नसतं तर त्या मोठ्या देशाला तिथली मानसं आठवली असती का?" ह्यांनी कधीच विचारलं नाही. भावापुढे ह्यांचं तोंड उघडतं ते फक्त चहा प्यायला.

दिरांना ऐकू जायचंच. ते भिंतीकडे बघून म्हणायचे, "बायकांला राजकारन कळत न्हाई." माझं डोकं असं सणकायचं! पण तव्यावर भाकरी आपटण्यापलीकडे हातात काही नव्हतं.

वाटणी झाली तेव्हा दिरांनी रस्त्याकडचं रान आणि पत्र्याचं नवं शेड घेतलं. आमच्या वाट्याला गोठा आणि त्याच्यामागची गोबर गॅसची टाकी आली. "शेनाचं डबकं" म्हणून तिला कुणी हात लावेना. त्याच डबक्यावर मी माझा धंदा उभा केला. घोडेगावच्या जनावरांच्या बाजाराला मी झुणका-भाकरीचे डबे देते. पहाटेपासून शेगडी पेटलेली असते, आणि हे मोटारसायकलला पिशव्या अडकवून डबे पोचवतात. त्यासाठी रोज शेण-पाणी कालवून टाकीच्या कुंडीत ओतावं लागतं. कुंडीवर पत्रा झाकायचा आणि तो वाऱ्याने उडू नये म्हणून वर धोंडा ठेवायचा. तो धोंडा ओढ्यातून मीच उचलून आणला होता.

लढाई लांबली आणि सिलिंडर येईनासे झाले. बाजारातल्या हॉटेलांच्या शेगड्या थंड पडल्या. माझे डबे मात्र दुपारच्या आत खलास व्हायला लागले. भिंतीपलीकडे थोरल्या जाऊबाई, म्हणजे आमच्या आक्का, चूल फुंकून फुंकून खोकायच्या. मला वाईट वाटायचं. पण मागायला कुणी आलं नाही, आणि मीही आपणहून गेले नाही.

आणि एका सकाळी शेण कालवायला गेले, तर माझ्या धोंड्याला शेंदूर! वर हार, पुढे नारळ. मी पाटी हातात घेऊन बघतच राहिले.

दीर भावकीतल्या वडीलधाऱ्यांना घेऊनच आले होते. त्यात सगळ्यांत मोठे म्हणजे आमचे चुलत सासरे, त्यांचा शब्द कुणी खाली पडू देत नाही. दिरांनी सांगितलं, "आज्जा सपनात आला. म्हनला, हितं आपल्या म्हसोबाचं ठानं हाय. आता ह्या सगळ्या जागंला कुंपन घालू. देवाची जागा म्हंजी दोन्ही घरांची. आत जे हाय ते सामायिक."

आत काय होतं? माझी टाकी, दुसरं काय!

मी घाबरले, खरंच सांगते. टाकी सामायिक झाली की तिच्यावर दिरांचा हुकूम चालणार, हे मला पक्कं माहीत होतं. पहाटे माझी शेगडी पेटायची की नाही, ते भिंतीपलीकडे ठरणार. मग डबे बंद, बाजार बंद. आणि बोलायची तर सोय नव्हती. एकदा शेंदूर लागला की धोंड्याला धोंडा म्हणायची कुणाची टाप आहे? मी स्वतःच हात जोडले होते त्याला. आमचे हे तर लगेच म्हणाले, "देवाचं काम हाय, जाऊ दे."

जाऊ दे म्हणे! मी गोठ्याच्या दारात उभी होते आणि मला ओट्यावरचं ते सगळं राजकारण आठवलं. तिथली माणसं, तिथले देव, पिढ्यान्पिढ्याचा हक्क. शब्द तेच होते की! कारण खरं आहे का खोटं, हे कसं ओळखायचं? माणूस जे कारण सांगतो ते सगळं त्याला देऊन टाकायचं. कारण खरं असलं तर तो तिथंच थांबतो.

मी पदर सारखा केला आणि दारातून बाहेर आले. ह्यांच्याकडे न बघता थेट दिरांना म्हणाले, "भाऊजी, देवाला मी आंब्याखालची जागा देते. सावली हाय, पानी जवळ हाय. चौथरा बी आमीच बांधू."

दीर क्षणभर गोंधळले. मी समोर येऊन बोलेन असं त्यांना स्वप्नातही वाटलं नसणार. "देव हलवत नसत्यात," ते म्हणाले.

"बरं. मग देव हितंच राहू द्या. पन देवाजवळ शेनाची घान बरी न्हाई. मी आजच टाकी फोडून काढते. खड्डा बुजवते, पाइप भंगारात घालते. सगळी जागा देवाला."

ते "काढ" म्हणाले असते तर मी मेलेच होते. आमचे हे माझ्याकडे वेड्यासारखे बघायला लागले.

आणि दीर ओरडले, "टाकीला हात लावायचा न्हाई! टाकी कशाला मोडती? टाकी राहू दे!"

चुलत सासऱ्यांनी तंबाखू मळता मळता वर बघितलं. "का रं," ते म्हणाले, "तुला देव पायजे का गॅस?"

असं हसू फुटलं सगळ्यांना! आमच्या ह्यांनाही आवरेना, भावाच्या तोंडावर हसले, लग्न झाल्यापासून पहिल्यांदा. तेवढ्यात भिंतीपलीकडून आक्कांचा आवाज आला, "अवो, सरळ मागा की! खोकून खोकून जीव चाललाय माझा!"

दिरांची मान खाली गेली. मी काही त्यांना सोडणार नव्हते. "भाऊजी, काय पायजे ते तोंडानं सांगा."

"गॅस पायजे," ते पुटपुटले.

"संध्याकाळचा देईन. पहाटंचा माझा. तुमच्या म्हशींचं शेन रोज सकाळी कुंडीवर आनून टाकायचं, तुमी स्वतः. टाकी माझ्या वाटनीची, ती माझीच राहील."

चुलत सासरे म्हणाले, "ठरलं." त्या दिवशी मला आपण चार बोटं उंच झाल्यासारखं वाटत होतं, काय लपवायचं त्यात!

धोंडा आहे तिथंच आहे. मी त्याला रोज उदबत्ती लावते, आणि पत्र्यावर ठेवायला ओढ्यातून दुसरा आणला. आक्कांचा खोकला बराच कमी झाला. लढाई अजून संपलेली नाही. दीर अजूनही ओट्यावर येतात, पण मोबाईलवरचा कुणी पंडित देवाधर्माचं आणि हक्काचं सांगायला लागला की तेच त्याच्यावर खेकसतात, "खोटं बोलतोय ह्यो! तेलासाठीच गेल्यात ते!" आणि उंबऱ्याकडे बघतात. मी आता उंबऱ्याच्या बाहेर बसून भाजी निवडते.

दिरांनी नुसतं मागितलं असतं, तर पहिल्याच दिवशी मी गॅस दिला असता, शेण न घेता. हे त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन येतात, येऊ देत!