जीव किती उरला

नात आणि तिच्या मैत्रिणी सुट्टीत ओसरीवर फाशांचा खेळ मांडतात. सगळी लढाई मनातली. कुणी योद्धा होते, कुणी वैद्य. फासा टाकायचा, पडेल त्यात अंगच्या काटकपणाचे दोन-तीन मिळवायचे, की त्या माणसात जीव किती ते ठरलं. घाव बसला की त्यातून वजा. मी शाळा फार शिकलो नाही, पण एवढा हिशेब कळतो.

पटलं नाही ते एकच. जीव पुरा असो की एकच उरलेला असो, तलवार तेवढ्याच जोरात चालते.

"हे खोटं आहे," मी म्हणालो.

"आजोबा, नियमच आहे तसा," नात म्हणाली.

मग आमची मंडळी आठवली, नातीची आजी. गेली त्या सकाळीसुद्धा तिच्या भाकरीची थाप शेजारच्या घरात ऐकू गेली होती. आत किती उरलंय ते कुणाला कळणार? या पोरी तरी ओरडून सांगतात, "माझे तीनच उरले गं!" आणि दुसरी आपला डाव सोडून मलम लावायला धावते. आमच्या हिनं कधी सांगितलं नाही. दुखतंय का विचारलं, तर म्हणायची, "तुम्ही जेवा आधी."

"आजोबा, तुमचे किती उरले?" नातीनं चेष्टेत विचारलं.

"थोडेच."

ती हसायची थांबली. माझ्यासाठी तिनं फासा टाकला. "घ्या, सहा वाढले."

घेतले मी. पण खरी गरज आमच्या हिला होती.