धुऊन काढलेलं जंगल

इतका स्वच्छ कोअर मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिला. शेडसमोरच्या ताडपत्रीवर तो उन्हात वाळत होता. काळे तुकडे एका बाजूला, राखाडी मधे, पांढरे-पिवळे पलीकडे. प्रत्येक रांगेत मोठ्यापासून लहानापर्यंत, फळीवर भांडी लावावीत तसे. सुमनबाई पदराला हात पुसत उभ्या होत्या. चेहऱ्यावरून दिसत होतं, की त्या शाबासकीची वाट पाहताहेत.

मी मटकन खाली बसलो.

आता हे तुम्हाला समजावून सांगायला हवं. मी जिऑलॉजिस्ट. वरोऱ्याहून चिमूरकडे जाताना सोयाबीनच्या वावरांमधे आमचा ड्रिलिंगचा कॅम्प होता. जमिनीखाली कोळसा आहे का, किती खोल आहे, हे पाहायला आम्ही मशीनने खोल भोक पाडतो. पोकळ नळीतून दगडाची मनगटाएवढी जाड कांडी वर येते. तिला कोअर म्हणतात. ती सलग येत नाही, तुटत तुटत येते. आली त्या क्रमाने तुकडे लांब पेटीत ठेवायचे, प्रत्येकावर खोली लिहायची आणि खालची बाजू दाखवणारा बाण काढायचा. एवढंच. एका पेटीत पाच मीटर कोअर बसतो. क्रम हरवला, की हातात नुसता दगड उरतो.

आणि इथे तीन पेट्या रिकाम्या होत्या. पंधरा मीटर, कोळशाच्या थराच्या अगदी डोक्यावरचे. कोळसा आधीच पॅक करून लॅबला गेला होता, ते एक नशीब. पण उद्या तिथे खाण झाली तर कामगारांच्या डोक्यावर छत असणार ते याच पंधरा मीटरचं. ते रेतीच्या दगडाचं आहे की ठिसूळ मातीचं, कुठला थर वर आणि कुठला खाली, हे कळलंच पाहिजे. गमतीचा मामला नव्हता.

झालं असं होतं, की नागपूरहून चीफ मॅडम येणार होत्या. आमचे कॅम्प इन्चार्ज ढवळे साहेब सगळ्यांना सांगत सुटले, साफसफाई करा, चकाचक पाहिजे. सुमनबाई शेडमधे कोअर धुवायच्या. मी एकेक तुकडा हातात देणार, त्या धुणार, मग मी फोटो काढणार, अशी रीत. त्या सकाळी मी मशीनवर अडकलो. बाईंनी विचार केला, साहेबाचं काम हलकं करू. धुतलं, घासलं, आणि घरात वस्तू रंगाला रंग लावून ठेवतो तशा रांगा लावल्या. फोटो अजून काढलेलाच नव्हता.

ढवळे साहेब आले तेव्हा त्यांचा चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी मला एकच विचारलं, "खुणा कुठे गेल्या?"

"धुतल्या गेल्या," मी म्हणालो.

हे खरं होतं, आणि खोटंही होतं. खुणा पेंटच्या असतात आणि पेंट पाण्याने जात नाही. माझा पेंट मार्कर आठ दिवसांपूर्वी वाळला होता. नवा आणायला वरोऱ्याला जायचा मी कंटाळा केला आणि त्या तीन पेट्यांवर खडूने लिहिलं. वाटलं, धुतल्यावर पेंटने करू पक्कं. हे बोलायला मी तोंड उघडलं नाही. ढवळे साहेब सुमनबाईंना उद्यापासून येऊ नको म्हणाले. मी हातापाया पडून दोन दिवस मागून घेतले. मॅडम येईपर्यंत पेट्या लागल्या तर बघू, नाहीतर बाईंचं काम गेलं, असं ठरलं.

सुमनबाई नागभीडकडच्या. लग्न होऊन इथे आलेल्या. तीस वर्षं धानाच्या रोवण्यात वाकून त्यांची कंबर गेली होती. डॉक्टरने वाकायचं काम बंद सांगितलेलं. मांडी घालून, सावलीत, घमेल्यातल्या पाण्याशी बसायचं हे काम त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच मिळालं होतं. ते गेलं तर परत चिखलात वाकणं आलं.

पहिला दिवस तुटलेली टोकं जुळवण्यात गेला. फुटक्या बांगडीसारखी काही टोकं एकमेकांत अचूक बसत. बसली की बोटांना कळतं. पण निम्मी टोकं मशीनमधे घासून गुळगुळीत झाली होती. ती कशातही बसत आणि कशातच बसत नसत. सुमनबाई समोर बसून तुकडे देत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी एक राखाडी तुकडा उजेडात धरून बसलो होतो. त्यात बारीक काळे दोरे होते. किती वेळ बघत होतो कोण जाणे.

"साहेब, उलटा धरला तुमी तो," बाई म्हणाल्या.

"कशावरून?"

"मुळ्या हायेत ना त्या. परे उपटले का अशाच दिसतात. मुळी वर जाते का कधी?"

परे म्हणजे धानाची रोपं. मी तुकडा फिरवला. दोरे खरंच खाली जाताना बारीक होत होते, फाटे फुटत होते. मुळंच होती ती. मी पुस्तकात वाचलेलं होतं, परीक्षेत लिहिलेलं होतं, आणि घाबरल्यामुळे डोळ्यांना दिसत नव्हतं. स्वतःचीच लाज वाटली.

मग मात्र काम वेगळंच झालं. मुळं म्हणजे इथे कोणे एके काळी जमीन होती, तिच्यावर झाडं उभी होती. मुळांच्या वर काळी चिकणमाती, तिच्यात पानांवर पानं. त्याच्यावर जाड रेती, वर वर जाताना बारीक होत गेलेली. म्हणजे नदी फुटून आत आली, आधी जड ते टाकलं, मग हलकं. बाईंना हे सांगावं लागलं नाही. पूर आला की धानाच्या बांधीत रेती खाली बसते आणि गाळ वर, हे त्यांना माझ्याआधी माहीत होतं. आम्ही दोघं तुकडा तुकडा करत वर चढत होतो. दलदल, मग पूर, मग पुन्हा दलदल. पुन्हा मुळं. मला एका क्षणी शेडचे पत्रे दिसेनासे झाले. सगळीकडे ओलं, करडं, शांत. पक्षी नाही, कारण पक्षी अजून व्हायचे होते. गवत नाही, फूल नाही. नुसतं पाणी आणि पानं गळण्याचा आवाज. भूक लागलेली कळली नाही.

काळ्या तुकड्याचा एक पापुद्रा सुटला आणि आत अख्खं पान निघालं. बैलाच्या जिभेसारखं लांबट, मधे शीर. बाईंनी त्याला बोट लावलं आणि लगेच काढून घेतलं. कोणतं झाड म्हणून विचारलं. मी सांगितलं, आता हे झाड जगात नाही. पंचवीस कोटी वर्षांहून जुनी गोष्ट. डायनासोरसुद्धा तेव्हा जन्मायचे होते. आणि तेव्हा इथे थंडी होती. त्याच्याही आधी तर बर्फ होता. चंद्रपुरात बर्फ म्हटल्यावर बाई खुदकन हसल्या. मेच्या महिन्यात या म्हणाव पाहाले, असं काहीतरी पुटपुटल्या. मग थोड्या वेळाने गंभीर होऊन विचारलं, "कोणीच नाई राह्यलं त्याचं?"

"कोणीच नाही."

त्या गप्प झाल्या. एखाद्या घरात दिवा लावायला कुणी उरलं नाही असं ऐकल्यावर माणसं गप्प होतात, तशा.

चार वाजेस्तोवर तिन्ही पेट्या भरल्या. एक वीतभर तुकडा तेवढा उरला. कुठेच बसेना. मी तो दोनदा पेटीत कोंबला आणि दोनदा बाहेर काढला. बाई हे पाहत होत्या.

"उद्या मॅडम मले काढतीन का?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, पेट्या लागल्या, आता कशाला काढतील. त्यावर त्या म्हणाल्या, ढवळे साहेब विचारून राह्यले होते, पेंट कसा पुसला म्हणून. मी मान खाली घातली. तुकडा या हातातून त्या हातात घेत राहिलो.

"खडू होता साहेब," त्या हळूच म्हणाल्या. "पहिलाच तुकडा धुतला ना, तवाच माहे बोटं पांढरे झाले."

"मग तुम्ही सांगितलं काऊन नाई?"

"तुमी सांगान, असं वाटलं."

रागाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या साध्या बोलल्या, आणि घमेल्यातलं पाणी ओतून घरी गेल्या. मला रडू आलं, हे लिहायला आता काही वाटत नाही.

सकाळी मॅडम आल्या. रिटायरमेंटला आलेल्या, बोलायला तिखट. ढवळे साहेब सुरू व्हायच्या आत मीच म्हणालो, मॅडम, मार्किंग खडूचं होतं, माझं होतं, बाईंनी फक्त धुतलं. ढवळे साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं की बस. कोअर काढल्यावर बोअरहोलमधे एक यंत्र सोडतात. कुठे माती, कुठे रेती, याचा ते आलेख काढतं. त्याची लांब पट्टी मॅडमनी बॅगेतून काढली आणि पेट्यांशेजारी अंथरली. गुडघे टेकून बोट फिरवत गेल्या. रेती, रेती. माती, माती. पंधरा मीटर संपेपर्यंत त्यांचं बोट थांबलं नाही. सुमनबाई दाराशी उभ्या होत्या.

"बसतंय," मॅडम म्हणाल्या. "हा तुकडा बाहेर काय करतोय?"

"त्याची जागा सापडली नाही."

"तसंच लिही. जागा सापडली नाही." मग त्या उठल्या आणि ढवळे साहेबांकडे वळल्या. "यात कोणाला काढायचं म्हणता?"

ढवळे साहेबांनी माझं नाव घेतलं. त्यांचंही बरोबर होतं.

मॅडम म्हणाल्या, "याला काढलं तर नवीन पोरगं येईल. तेही एक दिवस खडूनेच लिहील." मग त्यांनी बाईंना जवळ बोलावलं आणि विचारलं, की वरखाली कसं ओळखलं. बाईंनी मुळ्या दाखवल्या. लिहिता येतं का विचारल्यावर त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

"बाण काढता येतो?"

"येते."

त्या दिवसापासून बाण सुमनबाई काढू लागल्या, पेंटने, कोअर नळीतून निघाल्याबरोबर, धुवायच्याही आधी. आकडे मी टाकायचो. माझ्या फायलीत एक मेमो लागला, तो अजून आहे. पुढे दीड वर्ष त्या साइटवर काम चाललं आणि शेवटी ऑडिट झालं. त्यात दोन बाण उलटे निघाले. दोन्ही सुमनबाई सुट्टीवर असतानाचे, माझ्या हातचे.