आत्याला ताप नव्हता

स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षी माझी आत्या ग्वाल्हेरहून आमच्याकडे उज्जैनला कायमची राहायला आली. त्याआधी तिला मोतीझिरा झाला होता. पुस्तकात त्याला विषमज्वर म्हणतात, पण आमच्या फ्रीगंज मोहल्ल्यात सगळे मोतीझिराच म्हणत. आत्या त्यातून उठली. तिची शुश्रूषा करता करता तिच्या यजमानांना तोच ताप आला आणि ते गेले. मूलबाळ नव्हतं. वडील तिचे धाकटे भाऊ, ते तिला घेऊन आले.

थोड्याच दिवसांत स्वयंपाकघर तिच्या ताब्यात गेलं. चुलीवरच्या पदार्थांपेक्षा तिला हाताने कालवायचे पदार्थ आवडत. काकडीची कोशिंबीर, दहीभात, दडपे पोहे, उन्हाळ्यात श्रीखंड. पातेल्यातलं शेवटचं बोटांनी निपटून ती मला आणि माझ्या धाकट्या भावाला तळहातावर घास द्यायची. भावाने तो घास मिळाल्याशिवाय पाटावरून उठायचं नाही, असा नेमच झाला होता.

भावाला ताप आला तेव्हा आत्याच रात्रंदिवस त्याच्याजवळ बसली. डॉक्टरांनी अन्न बंद केलं होतं. ती मुगाचं पाणी करायची, निवालं की नाही हे बोट बुडवून बघायची आणि त्याला चमच्याने पाजायची. तिसऱ्या आठवड्यात त्याचं पोट फुगून दगडासारखं झालं. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलं. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं.

पुढे मला ताप आला. तोवर मुंबईहून नव्या औषधाच्या गोळ्या येऊ लागल्या होत्या, त्यांनी मी वाचले. आमच्या वरच्या बिऱ्हाडातली नवी सून मात्र वाचली नाही. ती गरोदर होती आणि तिला डोहाळे लागले होते ते आत्याच्या कोशिंबिरीचे.

तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं की घरात स्वयंपाक कोण करतं आणि पूर्वी कुणाला मोतीझिरा झाला होता का. त्यांनी आत्याचा मल तपासणीसाठी इंदूरला पाठवला. निकाल आला त्या दिवशी ते स्वतः घरी आले आणि त्यांनी सर्वांना बोलावून सांगितलं, की या रोगाचे जंतू आत्याच्या पित्ताशयात घर करून बसले आहेत. तिच्या शरीराला त्यांचा पत्ता नाही. ते तिथून उतरतात, हाताला लागतात आणि अन्नात जातात.

आत्याने विचारलं, "म्हणजे मी आजारी आहे?"

"नहीं बाईजी. आप तो बिलकुल ठीक हैं."

आई इतका वेळ दाराशी उभी होती. ती म्हणाली, "तुम्हाला काही होत नाही, वन्सं. होतं ते आमच्या मुलांना."

पुढे मी कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. हे जंतू अंगावर साखरेसारख्या द्रव्याचं असं आवरण चढवतात की शरीराच्या पहारेकऱ्यांना ते चटकन ओळखू येत नाहीत. ज्या पेशी त्यांना गिळतात त्यांच्या पोटातही ते मरत नाहीत, उलट त्यांच्याच पाठीवर बसल्यासारखे यकृतापर्यंत, हाडांच्या मगजापर्यंत जातात. पित्तात बहुतेक जंतू टिकत नाहीत. हे टिकतात. पित्ताच्या खड्यांवर चिकट थर करून त्याखाली वर्षानुवर्षं राहतात. शरीर लढत नाही म्हणून ताप येत नाही. दरवर्षी वर्गात मी हे सांगायचे तेव्हा मुली भराभर लिहून घ्यायच्या आणि मी फळ्याकडे तोंड करून आकृती काढत राहायचे.

मला वाचवणाऱ्या गोळ्या आत्याला दिल्या, पण जंतू हटले नाहीत. पित्ताशय कापून काढा, असं ती स्वतःच म्हणाली. डॉक्टर म्हणाले, त्यानेही खात्री नाही. वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही. आईने तिचं ताट, तांब्या, अंथरूण मागच्या जळणाच्या खोलीत नेऊन ठेवलं. ती वरून वाढायची आणि बोलायची नाही.

मग वडिलांनी तिला नदीकाठच्या एका विधवाश्रमात नेऊन सोडलं. तिथे येणाऱ्या प्रत्येक बाईला स्वयंपाकाला लावतात हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी तिथे काही सांगितलं नाही. आत्याने पहिल्याच सकाळी सांगून टाकलं. दुपारी ती बोचकं घेऊन उन्हातून पायी आमच्या दारात आली. आईने दार उघडलं आणि बाजूला न होता म्हणाली, "मागच्या बाजूने या."

पुढे मध्यभारत राज्य जाऊन मध्यप्रदेश झाला आणि वडिलांची बदली भोपाळला झाली. सरकारी क्वार्टरमध्ये मागची खोली नव्हती. वडिलांनी आत्याला उज्जैनबाहेर भैरवगढला छिप्यांच्या, म्हणजे कापडावर ठप्पे मारणाऱ्यांच्या गल्लीत एक खोली घेऊन दिली आणि आम्ही निघालो. ती तिथे बरीच वर्षं एकटी राहिली. या सगळ्या काळात ती एक दिवस तापाने पडली नाही.

ती गेली ते म्हातारपणाने. आम्ही पोचलो तेव्हा तिला बाहेर आणून ठेवलं होतं आणि आसपास फारसं कुणी नव्हतं. शेजारची छिपीण दुरूनच आईशी बोलली. म्हणाली, तिच्या मुलीच्या लग्नातसुद्धा बाईंनी कशाला हात लावला नाही. कुणाच्या घरच्या लोट्याला शिवल्या नाहीत. पोरं जवळ गेली की त्यांना हाकलायच्या. म्हणून गल्लीतलं कुणी खांदा द्यायला यायला तयार नाही.

"बामनी का घमंड था," ती म्हणाली.

वडील तिरडीची गाठ आवळत राहिले. आईने पदर सारखा केला आणि म्हणाली, "हो. आमच्या वन्सं सोवळ्याओवळ्याच्या फार होत्या."